वयाचा आकडा फिरवला की झाले?

महोदय,

माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने परवा चित्रे रंगवायचे एक अ‍ॅप डाउनलोड केले. वय विचारताच तिने बोटाने जन्मसाल १९९० वर नेले आणि ‘मान्य आहे’ दाबून मोकळी झाली. पुढच्याच क्षणी अ‍ॅपने मायक्रोफोन आणि लोकेशन मागितले. रंगवायला ते कशाला हवे? मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळलेली संमती हवी, असे कायदे सांगतात. अमेरिकेचा १९९८चा १३ वर्षांखालील, भारताचा २०२३चा १८ वर्षांखालील मुलांसाठी. फिरवलेल्या आकड्याला पडताळणी कशी म्हणायची? परवानगीची विचारणा थेट पालकांच्या फोनवरच आली पाहिजे. ती सोय फोनमध्ये असते. बहिणीने त्याच रात्री ती चालू केली.

– एक वाचक