शनिवारच्या बैठकीची सूचना : बॅरलमधली स्टाऊट

मंडळी, शिकागोच्या गूज आयलंड या ब्रूअरीची (बीअर बनवणाऱ्या कारखान्याची) बोर्बन काउंटी स्टाऊट, म्हणजे काळी, दाट बीअर, अखेर नागपुरात पोचली. आपल्या एका सभासदाने येताना ५०० मिलीच्या दोन बाटल्या आणल्या आहेत. शनिवारी संध्याकाळी ७ वाजता, धरमपेठेत, नेहमीच्या गच्चीवर. प्रत्येकी ६० मिली, म्हणजे फक्त १६ जागा. नावे गुरुवारपर्यंत कळवा.

अमेरिकी कायद्याने बोर्बन ही व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. रिकामी झालेली पिंपे मग ब्रूअरीवाले घेतात आणि स्टाऊट त्यात कित्येक महिने ठेवतात. व्हॅनिला, नारळ, भाजलेल्या साखरेचा वास येतो तो त्या लाकडातून. म्हणून कृपया बर्फगार मागू नका, थंडीत हा वास दबतो. १२-१३ अंशांवर, लहान ग्लासात, सावकाश. सोबत संत्रा बर्फी ठेवतोय. ही जोडी चुकवू नका.

बीअरसाठीही वय २१ पूर्ण हवे, परमिट जवळ ठेवा. वर्ध्याच्या सभासदांनी उरलेली बाटली सोबत नेऊ नये, तिकडे दारूबंदी आहे. हिच्यात अल्कोहोल साध्या बीअरच्या दुपटीहून जास्त असते, तेव्हा गाडी घरीच ठेवा, ऑटोने या.