‘मूळ’ची चिठ्ठी

प्रिय लेकी,

महालक्ष्म्यांना अंबाजोगाईला आलीस, दोन तास माझ्याकडे बसलीस आणि चहासुद्धा न घेता गेलीस. तेव्हा गळा दाटून आला होता, आभार मानता आले नाहीत. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितो.

१९४८ साली, निजामाविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात, आबा सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. त्यांची वही मी दोन वर्षं बसून टाइप केली. छोट्या पुस्तिकेसाठी ४२ चिन्हांच्या ओळी पाडायला एका जुन्या विद्यार्थ्याने दिलेली पर्ल या संगणकभाषेतली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम होता, ओळी पाडणाऱ्या टेक्स्ट रॅप या तयार मॉड्यूलवर चालणारा. पण ओळी तेरा-चौदा चिन्हांतच संपत. ‘हुतात्म्यांच्या’ हा शब्द ‘हुतात्म्यांच्’पाशी चिरला जाई आणि पुढे नुसते ठोकळे. आबांनी ज्या पानावर गेलेल्या सोबत्यांची नावं लिहिली, त्याच पानावर! मला ते बघवत नव्हतं.

तुझ्याआधी तिघांना दाखवलं. एकाने मॉड्यूल काढून परत टाकलं आणि पैसे घेतले. दुसरा म्हणाला, १९८७ची भाषा आहे, फेकून द्या. तिसऱ्याने माझ्या एकुलत्या एका फाइलवरच प्रयोग केले. दोन पानं गेली, ती पुन्हा वहीवरून टाइप केली. हे लिहिलंय कुणी, असं एकानेही विचारलं नाही.

तू विचारलंस. पहिलं पान वाचलंस. मग पर्समधला पेन ड्राइव्ह काढलास, फाइल त्यात उतरवलीस, माझ्याच लाल पेनाने चिठ्ठीवर ‘मूळ’ लिहून त्यावर चिकटवलीस आणि तो माझ्या हातात दिलास. “गुरुजी, हे तुमच्यापाशी ठेवा. आता माझ्याकडून काही बिघडलं तरी आबांचं काही जाणार नाही.” त्यानंतरच स्क्रिप्ट उघडलीस.

दोष मॉड्यूलचा नव्हताच. संगणकात अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे साठवणीच्या तीन तुकड्यांचं. फाइल यूटीएफ-८ आहे हे स्क्रिप्टला सांगितलेलंच नव्हतं, म्हणून ती बाइट मोजत होती आणि अक्षराच्या मधूनच कापत होती. कागदावर ‘य’ काढून त्याचे तीन तुकडे करून तू मला हे दाखवलंस. म्हाताऱ्याला काय कळणार, असं तुझ्या चेहऱ्यावर एकदाही आलं नाही. हुशार माणसं पुष्कळ भेटली गं. दुसऱ्याच्या ठेव्याला हात लावताना हात जपणारी फार थोडी.

१७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, शाळेत ती नावं वाचली. एकही तुटलं नाही. पेन ड्राइव्ह आबांच्या ट्रंकेत वहीशेजारी आहे, चिठ्ठीसकट.

तुझे गुरुजी