चार वर्षं आणि एक दिवस

सप्रेम नमस्कार,

वयाने लहान असलेल्यांना पत्रात आशीर्वाद लिहितात. मी नमस्कार लिहिला आहे, तो ठरवून. तुझं नाव मात्र लिहीत नाही, कारण तुला विचारलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. हे पत्र तुझ्या हातात न देता सगळ्यांसमोर ठेवतोय, त्याला कारण आहे. तुझ्याविषयी मी जे वाईट बोललो ते जिन्यात, मधल्या सुट्टीत, पाच-सहा जणांच्या घोळक्यात बोललो. मग आभार तेवढे बंद पाकिटातून देणं बरं नाही.

तू प्रकल्पप्रमुख म्हणून आलीस तेव्हा मला नोकरीत २६ वर्षं झाली होती. तुझं वय ३१. ती जागा आपल्याला मिळणार असं मी धरून चाललो होतो, घरीही तसं सांगून ठेवलं होतं. पहिले सहा महिने मी तुला ना ‘तू’ म्हटलं ना ‘तुम्ही’. ‘तू’ म्हणायची सोय नव्हती, कारण माझ्या कागदांवर सही तुझी लागायची. ‘तुम्ही’ म्हणायला जीभ वळत नव्हती. म्हणून मी वाक्यंच तशी करायचो. ‘ती यादी बघून झाली का?’ ‘बैठक किती वाजता ठरली आहे?’ तुझ्या हे लक्षात आल्याशिवाय राहिलं नसणार. तू मात्र पहिल्या दिवसापासून ‘सर’ म्हणत राहिलीस, आणि त्या ‘सर’मध्येही मला खोट दिसायची.

मग ती सेवाज्येष्ठतेची यादी आली. सगळ्यांच्या रुजू होण्याच्या तारखा जुन्या फाइलींमधून नव्या यादीत आणायच्या होत्या. यादी तयार झाली आणि एका विभागातली झाडून सगळी माणसं चार वर्षं आधीच रुजू झालेली दिसायला लागली. ज्येष्ठतेच्या यादीत चार वर्षं म्हणजे काय, हे नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको. बढती कुणाला, बदली कुणाची, कपातीची वेळ आली तर आधी कोण, सगळं त्या एका रकान्यावर ठरतं. बाकीच्या विभागांतले लोक तावातावाने तुझ्या टेबलापाशी आले. ‘पोरीटोरींच्या हातात दिलं की असंच होणार’, हे वाक्य माझं होतं.

या चुकीचं कारण मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. एक्सेल तारीख साठवतं ती दिवसांचा आकडा म्हणून, आणि मोजायला सुरुवात कुठून करायची याच्या त्यात दोन पद्धती आहेत, एक १९०० पासूनची आणि दुसरी १९०४ पासूनची. मॅकिन्टॉशवर पूर्वी १९०४ ची पद्धत चालायची, आणि त्या विभागात एके काळी तेच संगणक होते. १९०४ च्या फाइलमधले आकडे १९०० च्या फाइलमध्ये जसेच्या तसे आले की तारीख १,४६२ दिवस मागे जाते. म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस. यात प्रोग्रॅमचा काही दोष नव्हता. फाइल कोणत्या पद्धतीची आहे हे आधी बघून घ्यायला हवं होतं, आणि ते ठाऊक असलेला माणूस गप्प बसला होता.

दोन दिवस मी गप्प बसलो. संध्याकाळी निघताना तुझ्या टेबलावरचा दिवा चालू दिसायचा आणि मी सरळ पुढे जायचो.

तिसऱ्या दिवशी तू खुर्ची ओढून माझ्याजवळ बसलीस. ‘सर, या विभागाच्या तारखा चार वर्षं मागे गेल्यात. पूर्वी कधी असं झालं होतं का?’

मी म्हणालो, ‘चार वर्षं आणि एक दिवस.’

तो एक दिवस तू सांगितलेला नव्हतास.

तू मान वर केलीस. मला वाटलं, आता विचारणार. तू एवढंच म्हणालीस, ‘दुरुस्त कसं करायचं?’ आणि वही उघडलीस. दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळ्यांच्या देखत सांगितलंस, ‘कारण सरांनी शोधून दिलं.’ लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझी मान इतकी खाली कधी गेली नव्हती.

त्या दोन दिवसांबद्दल मी खूप विचार केला आहे. तुझ्याविषयीचा राग हे एक कारण होतंच, पण त्याच्याही खाली भीती होती. दर दोन-तीन वर्षांनी नवी प्रणाली येते आणि आपल्याला येत असलेल्यातलं थोडं निकामी होतं. मग जे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे ते मुठीत धरून ठेवावंसं वाटतं. ते सांगून टाकलं तर आपण कशाला हवेत? माझ्या वयाच्या किती जणांना हे वाटतं ते मी जवळून पाहिलं आहे. जाणत्या माणसांनी शिकवायचं सोडलं की नवी मुलं चुकतात, आणि ती चुकली की आम्ही म्हणतो, बघा, यांना काही येत नाही.

तुझी माफी मागायला मला पुढे तीन महिने लागले. तेव्हा तू म्हणालीस, ‘मला त्याच दिवशी कळलं होतं, सर. पण तुम्हाला विचारायला मीही दोन दिवस उशीर केला. विचारलं तर मला काही येत नाही हे सिद्ध होईल, या धास्तीने.’ म्हणजे एकाच खोलीत तू विचारत नव्हतीस आणि मी सांगत नव्हतो. त्याच दिवशी मी ‘तुम्ही’ म्हणायला सुरुवात केली आणि तू हसून म्हणालीस, ‘तूच म्हणा.’

तू त्या वेळी आणखी एक सांगितलंस, की बाहेरच्या लोकांबरोबर बैठक असली की ‘वरिष्ठ कुणी येणार आहेत का?’ हे तुला समोर बसवून विचारलं जातं. वयावरून अपमान होतो तो आमचाच, अशी माझी पक्की समजूत होती. नंतर मी थोडं वाचलं. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये या भेदभावाला ‘एजिझम’ हा शब्द दिला, तो वृद्धांच्या बाजूने. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात आहे, की युरोपात वयावरून भेदभाव झाल्याचं तरुणच इतरांपेक्षा जास्त सांगतात. ते वाचताना मला माझं जिन्यातलं वाक्य आठवत होतं.

नव्या प्रणालीचं काम तू मला शिकवलंस त्याविषयी लिहायलाच हवं. आतापर्यंत ज्याने ज्याने मला संगणकावर काही शिकवलं, त्याने ‘थांबा, मी करून देतो’ म्हणत माउस हातातून घेतला. तू शेजारी बसलीस, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी चुकीच्या ठिकाणी गेलो तरी तुझा हात पुढे आला नाही. एक अहवाल काढायला मला ४० मिनिटं लागली, आणि तू ४० मिनिटं बसलीस. आता तो मी एकटा काढतो.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. यादी अंतिम झाल्यावर मी सहज तुझं नाव शोधलं. सापडलं नाही. पुन्हा चूक झाली असं वाटून तुलाच विचारलं. तू म्हणालीस, ‘मी करारावर आहे, सर. माझं नाव त्यात नसतंच.’ मी ज्या जागेसाठी जळत होतो, ती प्रकल्प संपला की संपणार होती. तुझा करार दर वर्षी नव्याने होतो आणि आधीची वर्षं कुठेच धरली जात नाहीत. रात्री दिवा लावून तू आमची ज्येष्ठता एकेका दिवसापर्यंत बरोबर करत होतीस, आणि तुझ्या स्वतःच्या नावावर एक दिवसही जमा होत नव्हता.

गेल्या सोमवारी मी व्यवस्थापनाकडे अर्ज दिला आहे, की करारावरच्या लोकांची वर्षं कायम नेमणुकीच्या वेळी सेवेत धरावीत. तुला न विचारता दिला, म्हणून त्यातही तुझं नाव नाही, मागणी सगळ्यांसाठी आहे. खाली १४ सह्या आहेत, सगळ्या माझ्या पिढीच्या. त्यातले चौघे त्या दिवशी जिन्यात माझ्यासोबत होते.

उत्तर आलं की कळवतो. जुन्या फाइलींमधल्या, जिथे अशी चूक होऊ शकते अशा आणखी जागा मी वहीत उतरवायला घेतल्या आहेत. ३२ पानं झाली. वही तुझ्या खणात ठेवली आहे.

तुझा,
पलीकडच्या टेबलावरचा सहकारी