ती चपटी डबी काढू देऊ नका

बंगळूर, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, कॉम्प्युटरवाला पंखा साफ करायला आला होता आणि आतली चपटी डबी बघून म्हणाला, "काका, ही एसएसडी उगाच अडकून पडलीय, एकही फोल्डर नाही हिच्यात, द्या काढून, जुन्या लॅपटॉपला बसवतो." त्याला स्पष्ट नको म्हणा. माणूस भला आहे, त्याचा हेतूही चांगलाच असणार. पण ती डबी (एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) रिकामी नाही आणि उगाच तर मुळीच नाही. फोनवर सांगायला गेले तर आई कुकरच्या शिट्ट्या मोजत होती आणि तुम्ही "हो हो" म्हणत होतात. तुमचं "हो हो" म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

आपला सगळा ऐवज आहे तो दोन हार्ड डिस्कवर: फोटो, आईच्या भजनी मंडळाच्या कॅसेटवरून उतरवलेली रेकॉर्डिंग, आजोबांच्या दप्तरातली मोडी कागदपत्रं. दोन्ही डिस्क 4 टीबीच्या आणि दोन्हींवर अक्षरशः तेच. एक बिघडली तरी दुसरी आहे. त्या दोघींच्या पुढे मी ही 250 जीबीची एसएसडी उभी केली आहे. काहीही मागितलं की लिनक्स, म्हणजे आपलं मशीन चालवणारी मूळ प्रणाली, आधी हिच्यात बघतो; इथे मिळालं तर हार्ड डिस्कपर्यंत जातच नाही. नाही मिळालं तर हार्ड डिस्कवरून आणतो, तुम्हाला देतो आणि जाता जाता त्याची एक प्रत हिच्यात ठेवतो. जागा भरली की बरेच दिवस कुणी न विचारलेलं बाहेर काढतो. हिच्यात स्वतंत्र फाइली नसतातच, असतात ते हार्ड डिस्कवरच्या मजकुराचे तुकडे. म्हणून फोल्डर दिसत नाहीत. याला एसएसडी कॅश म्हणतात आणि आपल्याकडे ते काम करणाऱ्या भागाचं नाव आहे बी-कॅश. केंट ओव्हरस्ट्रीट नावाच्या प्रोग्रामरने तो लिहिला आणि 2013 साली लिनक्सच्या 3.10 आवृत्तीत तो आला. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

"पहिल्यांदा फोल्डर उघडलं तर रखडतं, नंतर उघडलं तर पटकन येतं, काहीतरी बिघडलंय," हे तुमचं म्हणणं. बिघडलेलं नाही, तसंच व्हायला हवं. पहिल्या वेळी ते हार्ड डिस्कवरून येतं, नंतर डबीतून.

हार्ड डिस्क एवढी रखडते का, त्याचा हिशेब तुम्हालाच आवडेल. तिच्यातल्या तबकड्या मिनिटाला 7,200 फेरे घेतात, म्हणजे एक फेरा 8.3 मिलिसेकंदांचा. हवी ती जागा मजकूर वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे 4 मिलिसेकंदांच्या वर. त्याआधी ते डोकं योग्य वर्तुळावर सरकायला आणखी 8-9 मिलिसेकंद. मिळून एका मागणीला 12-13, म्हणजे सेकंदाला फार तर 80 मागण्या. आता तुमचं लग्नकार्यांचं फोल्डर घ्या. 3,000 फोटो, प्रत्येकाचं छोटं चित्र वेगळ्या जागी. 3,000 भागिले 80, झाले 37 सेकंद. ती चौकोनं एकेक करत भरत जायची आणि आतून करकर आवाज यायचा, ते हेच. एसएसडीत फिरणारं काही नाही. एका मागणीला मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. आता तेच फोल्डर दुसऱ्यांदा उघडून बघा, करकर नाही.

एक गंमत सांगते. 1956 मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या, मिनिटाला 1,200 फेरे, आणि साठवण आजच्या मापात पावणेचार एमबीच्या आसपास. तिथपासून आपल्या डिस्कपर्यंत साठवण दहा लाख पटींनी वाढली आणि फेरे वाढले फक्त सहापट. सर्व्हरसाठी 15,000 फेऱ्यांच्याही डिस्क निघाल्या, पण घरात त्या कोण आणतो! तबकडी आणखी जोरात फिरवायची तर उष्णता, आवाज आणि वीज तिन्ही वाढतात. म्हणून वेगवान पण लहान साठा पुढे आणि संथ पण मोठा साठा मागे, अशी जोडी लावायची. ही युक्तीही जुनीच. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्सनी 1965 मध्ये ती कागदावर मांडली आणि 1968 च्या आयबीएम सिस्टिम 360 मॉडेल 85 मध्ये ती प्रत्यक्ष आली. तिथे प्रश्न संगणकाच्या मेमरीचा होता, इथे डिस्कचा.

मेमरीवरून आठवलं. लिनक्स रॅममध्येही अलीकडचं धरून ठेवतो, मग ही डबी कशाला, असं तो कॉम्प्युटरवाला विचारेल. विचारायलाच हवं. पण आपली रॅम 8 जीबी, आणि तुम्ही रात्री मशीन बंद करता तेव्हा ती कोरी होते. एसएसडी रात्रभर सगळं लक्षात ठेवते.

आता तुमची दुसरी तक्रार: फोटोंची यादी झटकन येते, पण मोडीचं पान उघडायला पूर्वीइतकाच वेळ. बरोबर आहे, आणि ते तसंच राहणार. तुम्ही ती पानं 600 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 600 ठिपके घेऊन, रंगीत स्कॅन करता. ए-फोर आकाराचं एक पान न दाबता साठवलं तर 104 एमबी होतं. एवढं मोठं, सलग लिहिलेलं काही वाचायचं असेल तर हार्ड डिस्क मुळीच वाईट नाही. डोकं एकदा जागेवर गेलं की सेकंदाला दीडशे एमबी सहज देते. वेळ लागतो तो ते चित्र पडद्यावर उभं करायला. म्हणून बी-कॅश सलग 4 एमबीच्या पुढे गेलेलं वाचन डबीत घेतच नाही, थेट हार्ड डिस्कवरून देतं. हा आकडा त्याच्यात मुळातच आहे आणि मी बदलला नाही. का, ते बघा. महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवता. ते सगळं डबीत शिरलं असतं तर एका दुपारीत तिच्यातला कामाचा मजकूर धुऊन निघाला असता आणि सोमवारी फोटो पुन्हा करकरायला लागले असते. आईच्या भजनांचंही तेच. चांगल्या दर्जाचं एमपी-थ्री सेकंदाला 40 केबी मागतं, त्याला हार्ड डिस्क पुरून उरते.

वाचण्याचं झालं. लिहिण्याचा प्रश्न अवघड आहे आणि तो मी खूप विचार करून सोडवलाय. कॉम्प्युटरवाला ज्याला "सेटिंग स्लो ठेवलंय" म्हणाला ते हेच.

कारखान्यात गळीत हंगाम सुरू झाला की ऊसगाड्यांच्या वजनाच्या पावत्या रात्रंदिवस यायच्या, तेव्हा तुम्ही काय करत होतात? कीर्दीत नोंद लगेच, खतावणी सवडीने. काट्यावरचा माणूस खोळंबत नाही. बी-कॅशमध्येही अशी रीत आहे, तिला राईटबॅक म्हणतात. नोंद एसएसडीत केली की "झालं" म्हणून मोकळं व्हायचं आणि हार्ड डिस्कवर मागाहून उतरवायचं. लिहिणं यात खूपच वेगवान होतं. पण खतावण्याआधी कीर्दच जळाली तर? तेवढ्या पावत्या बुडतातच, शिवाय कुठलं पान कुठे आहे त्या सूचीतल्या नोंदीही त्यातच असल्या तर जुनी खातीही लागत नाहीत. आपल्याकडे हार्ड डिस्क दोन आहेत, एसएसडी एकच. राईटबॅक लावलं की दोन डिस्कची सगळी काळजी त्या एका डबीच्या आयुष्यावर येऊन बसते. शिवाय महागड्या सर्व्हरच्या एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करण्यापुरती वीज धरून ठेवणारे कपॅसिटर असतात, घरगुती एसएसडीत बहुधा नसतात. आणि आपल्याकडची वीज! पावसाळ्यात वारा सुटला की गेलीच.

म्हणून मी राईटथ्रू ठेवलंय. नोंद डबीतही आणि हार्ड डिस्कवरही, आणि हार्ड डिस्कवर पोचल्याशिवाय "झालं" म्हणायचं नाही. लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कचाच राहतो. राहू दे. दिवसाला पाच-दहा पानं स्कॅन करणाऱ्याला कसली आलीय घाई? तुमच्याकडे वाचणं जास्त, लिहिणं कमी. मला वेग हवा होता तो वाचण्यात. ऑफिसात जिथे डेटाबेसवर सतत बारीक लिखाण चालतं तिथे मी स्वतः राईटबॅक लावते, पण तिथे एसएसडीही दोन असतात, एकमेकींच्या प्रती.

याचा फायदा असा की उद्या ती डबी मेली तरी एक फोटोही जाणार नाही. मशीन सुरू होईल, कारण लिनक्स मी मुद्दाम हार्ड डिस्कवरच्या वेगळ्या भागात ठेवलाय (त्यामुळेच सकाळी सुरू व्हायला अजून मिनिटभर घेतो, तेवढं चालवून घ्या). फोटोंचं दालन तेवढं उघडणार नाही, कारण बी-कॅश डबीची वाट बघत बसेल. घाबरू नका, मला फोन करा. मी इथून आत शिरून त्याला डबीशिवाय चालायला सांगेन. फक्त कुणी डिस्क काढून विंडोजच्या मशीनला लावली, तर विंडोज विचारेल, "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" त्याला "हो" म्हटलं की संपलं. मला खरी भीती आहे ती त्या एका प्रश्नाची, डबीची नाही.

डबी झिजणार नाही का, हे आईने विचारलं होतं. झिजते. अशा 250 जीबीच्या चांगल्या एसएसडीला 150 टीबी लिखाणाची हमी असते. दिवसाला 20 जीबी धरलं तरी वीस वर्षं होतात, आणि आपल्याकडे त्याच्या निम्मंही होत नसेल.

सगळंच एसएसडीवर का नाही केलं? पैसे. 4 टीबीची एसएसडी त्याच मापाच्या हार्ड डिस्कच्या कितीतरी पट महाग, आणि आपल्याला दोन लागल्या असत्या. नवीन लॅपटॉपला मात्र कुणी असली जोडणी सुचवली तर हसून सोडून द्या. तिथे सरळ एसएसडीच घ्यायची. 2011 मध्ये इंटेलने हीच सोय घरगुती मशीनसाठी काढली होती, कॅश जास्तीत जास्त 64 जीबीची. पुढच्या वर्षी अॅपलने फ्युजन ड्राइव्ह आणली. तिच्यात तर प्रत न ठेवता मजकूर हलवत, म्हणजे दोन्हींपैकी काहीही बिघडलं तरी सगळं गेलं. मला ती रीत कधीच पटली नाही. एसएसडी स्वस्त होत गेल्या तशा या सोयी घरातून मागे पडल्या. उरल्या त्या जिथे साठा खरोखर मोठा आहे तिथे, आणि बाबा, तुमच्या मोडी पानांमुळे आपलं घर त्यात मोडतं.

राहिली कामं. वीज अचानक गेली आणि मशीन पुन्हा सुरू केलं की काही वेळ डिस्कचा दिवा लुकलुकत राहील. दोन्ही डिस्क आपसांत ताळा जुळवत असतात, तेव्हा बटण दाबून बंद करू नका. बाहेरची डिस्क उतरवून झाली की टेबलावर न ठेवता काकाकडे द्या. डिस्कची जोडी असो की कॅश, हातून चुकून पुसलेलं दोघींपैकी कुणीच परत देत नाही, ती बाहेरचीच देते. आई, तू भजनांच्या फाइलींना नावं देताना तारीख आधी लिहीत जा, म्हणजे क्रमाने लागतील. आणि यूपीएस आता पाच मिनिटंही धरत नाही म्हणतेस, तर बॅटरी याच आठवड्यात बदलून घ्या. कॉम्प्युटरवाल्याला तेच काम सांगा, म्हणजे त्याचीही खेप फुकट जाणार नाही. पैसे मी पाठवतेय, तेव्हा बाबा, "कशाला, चालतंय की" नको.

तुमची,
मनू