मागचे ड्रम काढून डिस्क बसवण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सातपूरला माझं गॅरेज आहे आणि ब्रेकचं काम हेच माझं मुख्य काम, म्हणून हे पत्र लिहितोय. हल्ली आपल्या नाशकात साध्या घरगुती गाड्यांचे मागचे ड्रम (बंद डब्यासारखे ब्रेक) काढून तिथे डिस्क (उघड्या तबकडीचे ब्रेक) बसवून घ्यायचं खूळ वाढलंय. वर्षभरात गिऱ्हाईकांनी मला हे इतक्यांदा विचारलंय की आता जाहीरच बोलावं असं वाटलं. बहुतेक जण कॉलेजची किंवा नुकती नोकरी लागलेली पोरं, अलॉय व्हील टाकलेली असतात आणि त्यातून मागे काळा गंजका ड्रम दिसतो तो नको असतो. काही जण मात्र खरंच काळजीने विचारतात, घरची माणसं घेऊन कसारा घाट उतरायचा असतो, चारही चाकांना डिस्क म्हणजे जास्त सेफ असं कोणीतरी सांगितलेलं असतं. या दुसऱ्या लोकांसाठी मी लिहितोय.

आधी डिस्कचं जे चांगलं आहे ते सांगतो. डिस्क उघडी असते, वारा लागतो, लवकर थंड होते. ड्रम बंद असतो, गरमी आतच राहते आणि तापला की तो फुगतो म्हणजे शूपासून (आतून ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीपासून) लांब जातो, मग पेडल जास्त खाली दाबावं लागतं. पाण्यातून गाडी काढली की डिस्कवरचं पाणी दोन फेऱ्यांत उडून जातं, ड्रममध्ये शिरलेलं पाणी मात्र ब्रेक हलका दाबत थोडं अंतर चालवून सुकवावं लागतं. हे सगळं खरं आहे आणि म्हणूनच महागड्या, जड, वेगवान गाड्यांना कंपनी स्वतःच मागे डिस्क देते.

पण कंपनी ती देते तेव्हा नुसती डिस्क देत नाही ना! मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो), मागच्या लाइनचं म्हणजे ऑइलच्या नळीचं प्रेशर, हँडब्रेक, चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचं सेटिंग हे सगळं त्या डिस्कच्या हिशोबाने ठरवलेलं असतं. आपल्याकडे काय होतं, भंगारातल्या दुसऱ्या गाडीचे कॅलिपर (डिस्कला चिमट्यासारखे धरणारे) आणतात, एक प्लेट कापून ब्रॅकेट बनवतात, ते मागच्या बीमला (मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याला) वेल्डिंग करतात आणि रिकाम्या रस्त्यावर एक ब्रेक मारून बघतात, चाक धरलं की झालं काम. चाक धरलं हीच तर भीती आहे आणि ती नीट समजावून सांगायला हवी.

ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं, बसमध्ये उभी माणसं ब्रेक लागल्यावर पुढे कलतात तसं. जोरात ब्रेक लागला तर साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त काम पुढचे ब्रेक करतात आणि मागची चाकं हलकी झालेली असतात, त्यात आपल्या छोट्या गाड्यांचं इंजिन पुढे, ड्राइव्ह पुढे, मागे वजन असतंच किती. अशा वेळी मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली, म्हणजे फिरायची थांबून नुसती घसरायला लागली, तर त्यांची आडवी पकड जाते आणि गाडी मागून सुटते, सरळ रस्त्यावरसुद्धा गोल फिरते. पुढची आधी लॉक झाली तर गाडी वळत नाही पण निदान सरळ तरी जाते. म्हणून गाडी बनवणारे पुढची चाकं आधी लॉक व्हावीत असाच हिशोब ठेवतात आणि त्यासाठी बऱ्याच गाड्यांत मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, म्हणजे मागचं प्रेशर मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. काही गाड्यांत तर मागे किती वजन आहे, म्हणजे सस्पेन्शन किती दबलंय, ते बघून प्रेशर कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो.

आता ड्रमची एक गंमत बघा जी बऱ्याच जणांना माहीत नसते. ड्रम फिरत असताना पुढचा शू त्याला टेकला की ड्रमच त्या शूला आणखी आत ओढून घेतो, म्हणजे ब्रेक स्वतःच स्वतःला मदत करतो. त्यामुळे ड्रमला कमी प्रेशर पुरतं. डिस्कला ही मदत नाही, तिथे पॅड (डिस्कला घासणारी वडी) फक्त दाबला जातो म्हणून कॅलिपरचा पिस्टन मोठा ठेवतात. छोट्या गाडीच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरचा (शूला ढकलतो तो) पिस्टन १९ मिमीच्या आसपास असतो, मागच्या कॅलिपरचा ३० ते ३५ मिमी. पिस्टनचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे ते कुठल्या कुठे गेलं. मग होतं काय, एकतर ब्रेक ऑइल जास्त लागतं आणि जुना मास्टर सिलिंडर तेवढं एका दाबात पाठवू शकला नाही तर पेडल खाली जातं. दुसरं म्हणजे मागचा ब्रेक ठरलेल्या हिशोबापेक्षा कमी तरी लागतो नाहीतर जास्त तरी. कमी लागला तर एवढे पैसे घालून उलट थांबायचं अंतर वाढलं, जास्त लागला तर पहिल्या पावसात ओल्या रस्त्यावर गाडी मागून सुटणार. बरोबर लागला तर तो नशिबाने, कारण मोजून कोणीच बघत नाही.

एबीएस आहे ना मग लॉक होणार नाही, असं लोक म्हणतात. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे हे बरोबर, पण त्याचा कॉम्प्युटर त्या गाडीच्या ड्रमवर ट्यून केलेला असतो, किती प्रेशर सोडलं की चाक किती वेळात मोकळं होतं याचा त्याचा अंदाज ड्रमचा आहे. शिवाय डिस्क बसवताना मागच्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर हलतो, गॅप बदलतो, मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि तो दिवा घेऊनच गाडी फिरत राहते.

आणि हँडब्रेक! यावर तर कोणी बोलतच नाही. ड्रममध्ये हँडब्रेक आतच असतो आणि मजबूत धरतो. भंगारातून आलेल्या कॅलिपरला हँडब्रेकची सोय नसेल, किंवा असून केबल जुळत नसेल, तर ती तशीच बांधून ठेवतात. मग सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर गाडी फक्त गिअरमध्ये उभी. खाली पोरं खेळत असतात हो.

खरा प्रश्न असा आहे की आत्ता तुमच्या गाडीचा ब्रेक कमी पडतोय का? जोरात दाबल्यावर एबीएस थरथरत असेल तर ब्रेक टायरच्या पकडीपेक्षा जास्त ताकदीचे आहेतच, मागे डिस्क टाकून पहिल्या थांबण्यात काहीच फरक पडणार नाही, कारण तिथे गाडी थांबवतो तो टायर. डिस्कचा फायदा पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक मारल्यावर दिसतो आणि तशी वेळ आपल्यावर येते ती घाटात. इगतपुरी ते कसारा साधारण ३०० मीटरचा उतार आहे. जुन्या ॲम्बेसिडर आणि पद्मिनी चारही चाकांना ड्रम घेऊन हाच घाट उतरायच्या, कारण चालवणारा माणूस दुसऱ्या तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर गाडी उतरवायचा. आता पाचव्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरतात आणि खाली आल्यावर वास येतो म्हणून ड्रमला शिव्या देतात.

घाटात पेडल एकदम खाली जातं ते बहुतेक वेळा ऑइलमुळे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवीन असताना किमान २०५ अंशाला उकळतं, पाणी शिरलं की तोच आकडा १४० पर्यंत येतो. डॉट ४ चं २३० वरून १५५. उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल रिकामं जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं असतं पण आठ आठ वर्षांचं काळं झालेलं ऑइल घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि विचारतात काय तर डिस्कला किती खर्च येईल.

त्यापेक्षा ड्रम उघडून घ्या. शूवरचं लायनर (घासणारा थर) किती उरलंय, व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल आहे का, ॲडजस्टर (शू घासले तरी त्यांना ड्रमजवळ ठेवतो तो) अडकलाय का, ड्रमवर कोरलेल्या मापापेक्षा तो आतून जास्त घासलाय का हे बघून घ्या. शू नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. आणि शू सैल असताना नुसती हँडब्रेकची केबल ओढून घट्ट करून देतात त्यांच्याकडे परत जाऊ नका, आधी शू ॲडजस्ट करायचे आणि मग केबल, उलटं केलं तर ऑटो ॲडजस्टर चालतच नाही. गॅरेजवाल्या भावांना एक विनंती, ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ हाताखालच्या पोरांच्या छातीत जाते.

ड्रम म्हणजे जुनाट हेही डोक्यातून काढा. फोक्सवॅगनने आयडी ३ आणि आयडी ४ या इलेक्ट्रिक गाड्यांना मागे मुद्दाम ड्रम दिलेत, कारण इलेक्ट्रिक गाडी बरीचशी मोटरनेच थांबते, मागचा ब्रेक कमी वापरला जातो आणि उघडी डिस्क वापर नसेल तर गंजते, बंद ड्रम बाहेरून गंजला तरी आतून तसा गंजत नाही. आपल्याकडची टियागो ईव्हीसुद्धा मागे ड्रमवरच चालते.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. सायलेन्सर आणि हेडलाइटवर कारवाई होते कारण ते दिसतं आणि ऐकू येतं. ब्रेक कोणी वाकून बघत नाही. त्यामुळे नाशिक आरटीओने या कामाबद्दल स्पष्ट लेखी सूचना काढावी आणि गॅरेजच्या दारावर लावायला द्यावी, मी माझ्या दारावर पहिल्या दिवशी लावीन.

दुसरी मागणी त्याहून महत्त्वाची. व्यावसायिक गाड्यांच्या फिटनेससाठी रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजायची मशीन असते, डावं उजवं किती, पुढचं मागचं किती, हँडब्रेक किती, सगळं कागदावर येतं. ही तपासणी खासगी कारवाल्यांना वाजवी फी घेऊन करून द्यावी. ज्यांनी आधीच डिस्क बसवून घेतलीय त्यांनी सगळ्यात आधी यावं, आकडा बघावा आणि मागचा ब्रेक जास्त निघाला तर मूळ ड्रम परत बसवून घ्यावेत. काढलेले ड्रम म्हणूनच भंगारात देऊ नका, गॅरेजवाल्याकडून मागून घ्या.

आपला,
एक गॅरेजवाला, सातपूर, नाशिक