गाडी येणार नाही, हे सांगणारा माणूस

मानेवाडा, नागपूर
दि. १८ जानेवारी २०२५

प्रिय मित्र सुधाकर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि वहिनींनी पाठवलेला तिळगूळ एकाच दिवशी हाती आले. तिळगूळ गोड आहे. पत्र तसे नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही, कारण गोड लिहिणारे मित्र या वयात फारसे कामाचे नसतात. आमच्या वस्तीतील ज्येष्ठ मंडळींनी शहर बससेवेतील एका निवृत्त वाहतूक नियंत्रकाचा सत्कार करायचे ठरवले आहे आणि मानपत्राचा मसुदा तू लिहावास, असे मी सुचवले होते. त्यावर तू दोन आक्षेप घेतलेस. ज्याने पगार घेऊन नेमून दिलेले काम केले त्याचा सत्कार कशाला, हा पहिला. आणि असल्या समारंभांत व्यवस्थेचे दोष शालीखाली झाकले जातात, हा दुसरा. पहिला आक्षेप मी फारसा मनावर घेत नाही, कारण निवृत्तीच्या दिवशी तू स्वतः दोन शाली आणि एक नारळ स्वीकारताना मी समोरच बसलो होतो. दुसऱ्या आक्षेपाने मात्र मला चार दिवस स्वस्थ बसू दिले नाही, आणि म्हणून हे लांबलचक पत्र.

त्या गृहस्थांविषयी आधी सांगतो. ते कोणाच्या नोकरीत होते, कोणत्या आगारात होते, हे लिहीत नाही. त्यांना स्वतःलाही ते आवडणार नाही. चौकातल्या कडुनिंबाखाली एक लोखंडी टेबल, एक खुर्ची आणि एक लांबट नोंदवही, एवढेच त्यांचे कार्यालय. येणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ वहीत लिहायची, वाहकाच्या कागदावर सही करायची आणि गाडी पुढे सोडायची, हे त्यांचे नेमून दिलेले काम. ते त्यांनी केलेच. पण वही नुसती भरण्यासाठी नसून वाचण्यासाठीही असते, अशी त्यांची समजूत होती. हिंगण्याच्या एमआयडीसीत सकाळी सातच्या पाळीला जाणारी माणसे आणि रुग्णालयांत सफाईच्या कामावर जाणाऱ्या बाया पहिल्या गाडीला गर्दी करीत, आणि ती गाडी वेळेवर सुटली तरी त्यांना उशीर होई, कारण तिची वेळच मुळी चुकीची ठरवली गेली होती. कारखान्याच्या फाटकावर दहा मिनिटांचा उशीर झाला की अर्ध्या दिवसाची मजुरी जाते, हे वेळापत्रक बनवणाऱ्याला ठाऊक नसावे. नियंत्रकसाहेबांनी दोन आठवडे प्रत्येकाला कुठे आणि किती वाजता पोचायचे आहे ते विचारून वहीच्या मागच्या पानांवर लिहून काढले आणि पहिली फेरी वीस मिनिटे अलीकडे आणावी, असे पत्र वरिष्ठांना दिले. उत्तर आले नाही. दुसरे दिले, त्यालाही नाही. तिसऱ्या पत्रासोबत त्यांनी प्रवाशांच्या सह्या आणि काहींचे अंगठे जोडले, तेव्हा फेरी अलीकडे आली.

पण माझ्या मनात ठसलेली गोष्ट याहून लहान आहे. गाडी नादुरुस्त झाली किंवा चालक आला नाही म्हणून एखादी फेरी रद्द झाली, की ते टेबल सोडून थांब्यावर येत आणि मोठ्याने सांगत, "सात चाळीसची गाडी येणार नाही. पुढची आठ वीसला. ज्यांना घाई आहे त्यांनी ऑटो करावा." बससेवेतल्याच माणसाने प्रवाशाला ऑटो करायला सांगावे, हे वरिष्ठांना रुचत नसे, असे मी ऐकले आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना उघड्या थांब्यावर चाळीस मिनिटे उभे राहणे म्हणजे काय, हे पुण्याच्या सावलीत बसलेल्या तुला आता आठवणार नाही कदाचित. न येणाऱ्या गाडीची वाट पाहायला लावणे ही उन्हापेक्षाही मोठी शिक्षा असते. त्यांच्या एका वाक्याने चौघे मिळून एक ऑटो करीत आणि कामावर पोचत. आणि नवल असे, की दुसऱ्या दिवशी तीच माणसे पुन्हा बसच्याच थांब्यावर येत, कारण इथे आपल्याला खरे सांगितले जाते, हे त्यांना कळून चुकले होते.

तू म्हणशील, याला नेतृत्व म्हणायचे का? आपल्याकडे सार्वजनिक वाहतुकीतील नेतृत्व म्हटले की ई. श्रीधरन यांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. डिसेंबर १९६४ च्या वादळात रामेश्वरला जोडणाऱ्या पांबनच्या रेल्वे पुलाचे बहुतेक गाळे वाहून गेले, तेव्हा तो पुन्हा उभा करण्यासाठी रेल्वेने सहा महिने ठरवले होते, वरिष्ठांनी ते तीनवर आणले आणि तिशीतल्या या अभियंत्याने काम ४६ दिवसांत पुरे केले. पुढे कोकण रेल्वे झाली, दिल्ली मेट्रो झाली, २००८ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या कामांवर उलटी घड्याळे लावलेली असत, आणि काम संपायला किती दिवस उरले ते त्यांवर दिसे. या शिस्तीला मी मनापासून नमस्कार करतो. पण काम पुरे होऊन फीत कापली, की ते घड्याळ भिंतीवरून उतरते, आणि त्यानंतर रोज सकाळी पहिल्या गाडीपासून रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत जे दुसरे घड्याळ चालावे लागते, ते चालवणाऱ्याला पद्म पुरस्कार नाही आणि पाटीवर नावही नाही.

आपल्या शहरातच बघ. मेट्रोचे भूमिपूजन ऑगस्ट २०१४ मध्ये झाले, मार्च २०१९ मध्ये खापरी ते बर्डी (सीताबर्डी) गाडी धावू लागली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पुरा झाला. वर्धा मार्गावर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो, असा तीन किलोमीटरहून लांब पूल उभा राहिला आणि त्याची विक्रमांच्या यादीत नोंद झाली. कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि ट्रान्सपोर्टनगर या चार दिशांना जाणारा सुमारे ४४ किलोमीटरचा दुसरा टप्पाही मंजूर झाला आहे. ज्यांनी हे निर्णय घेतले आणि तडीस नेले, त्यांचे श्रेय मी नाकारीत नाही. मी स्वतः झाशी राणी चौकातून प्रजापतीनगरला थंडगार डब्यात बसून जातो तेव्हा मला त्यांचे आभारच मानावेसे वाटतात. परंतु स्टेशनच्या सरकत्या जिन्याने खाली उतरल्यावर घरापर्यंतचे दोन किलोमीटर कोण नेणार, हा प्रश्न खांब उभारून सुटत नाही. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणाने स्टेशनपर्यंत ने-आण करणाऱ्या पूरक सेवांची सोय आधीच दाखवण्याची अट घातली ती यासाठीच. ती सोय कागदावरून रस्त्यावर आणणारा माणूस हा पूल बांधणाऱ्याइतकाच मोलाचा असतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि असा माणूस मोठ्या पदावरही असू शकतो, हे मी विसरलेलो नाही. ब्राझीलमधील कुरितिबा शहराचे एकेकाळचे महापौर जेमी लर्नर यांची गोष्ट तुला ठाऊक असेल. भुयारी रेल्वेला पैसा नव्हता, म्हणून १९७४ पासून त्यांच्या शहराने बससाठी रस्त्याच्या मधोमध वेगळी मार्गिका राखली. १९९१ मध्ये काचेच्या नळीसारखे थांबे आले, ज्यांत प्रवासी गाडी येण्याआधीच पैसे भरतो आणि गाडीच्या उंचीच्याच फलाटावरून सरळ आत पाऊल टाकतो. गाडीचा वेळ इंजिनात कमी आणि दाराशीच जास्त जातो, हे कोणीतरी थांब्यावर उभे राहून पाहिल्याशिवाय सुचत नाही. महापौराची ती नजर आणि कडुनिंबाखालच्या टेबलावरची ही नजर माझ्या लेखी एकाच जातीची आहे. फरक अधिकाराचा आहे, आणि तो फार मोठा आहे, हे मान्य. मुंबईत बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले आणि सोडून गेलेला प्रवासी परत येऊ लागला. तो निर्णय नेमका कोणाच्या टेबलावर सुचला, हे किती मुंबईकर सांगू शकतील? तुझ्या पुण्याला २०२० चा शाश्वत वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही शहराला. शहराला पुरस्कार मिळाला की सगळ्यांचीच छाती थोडी थोडी फुगते आणि कोणी काय केले ते गुलदस्त्यात राहते.

आता तुझ्या दुसऱ्या आक्षेपाकडे येतो. एक भला माणूस पुढे करून बाकीच्यांना मोकळे सोडायचे, असा सत्कार मलाही नको आहे. आमच्या बैठकीत तसा घाट घालण्याचा प्रयत्न झालाही. एका सभासदाने प्रमुख पाहुण्यांची सात नावे आणि थांब्याहून मोठ्या फलकाचे रेखाचित्र आणले होते. मी त्यांना विचारले, की हा फलक थांब्यावर छप्पर म्हणून वापरता येईल का. ते रागावले, पण फलक रद्द झाला.

माझ्या मनात मानपत्राचे जे रूप आहे ते असे. त्यात 'कर्तव्यदक्ष', 'मनमिळाऊ', 'सेवाव्रती' यांपैकी एकही शब्द नसावा. त्यांनी कोणती फेरी, किती मिनिटे, कोणासाठी अलीकडे आणली, तिसऱ्या पत्रापर्यंत कसा पाठपुरावा केला आणि रद्द झालेल्या फेरीची सूचना थांब्यावर येऊन देण्याची पद्धत कशी पाडली, हे साध्या वाक्यांत लिहावे. असे मानपत्र वाचून दाखवले, की समोर बसलेल्या अधिकाऱ्याला उद्यापासून ही सूचना कोण देणार, हा प्रश्न वेगळा विचारावा लागत नाही. 'मनमिळाऊ' या शब्दाचा कोणी पाठपुरावा करू शकत नाही. अलीकडे आणलेल्या पाच पन्नासच्या फेरीचा करता येतो. ज्या गोष्टीचा आपण जाहीर गौरव केला ती बंद पडली, तर निदान बंद पडल्याचे चारचौघांना कळते. तुझ्या शालीच्या उपमेला माझे उत्तर एवढेच आहे.

त्याच समारंभात आम्ही एक निवेदनही देणार आहोत, आणि त्यातले आकडे तू एकदा तपासून द्यावेस. तत्कालीन केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवा-मानकांत दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस ही पहिली, म्हणजे सर्वांत चांगली श्रेणी धरली आहे. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांवर होती. म्हणजे तेव्हाच्या हिशेबानेही १,४४० च्या घरात बस हव्यात, आणि आपण त्यापासून पुष्कळ दूर आहोत. दुसरा मुद्दा जबाबदारीचा. मेट्रो एका कंपनीकडे, शहर बस महापालिकेकडे, लाल परी एसटी महामंडळाकडे, ऑटोचे परवाने परिवहन विभागाकडे, आणि रेल्वेचे म्हणशील तर एकाच शहरात मध्य रेल्वेचाही नागपूर विभाग आहे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने दहा लाखांवरील शहरांसाठी एकत्रित वाहतूक प्राधिकरण सुचवले ते ही फाटाफूट पाहूनच. मेट्रोची गाडी आणि खाली उभी असलेली बस यांच्या वेळा जुळवणे हे ज्याचे काम आहे असा एक माणूस नेमा, आणि त्याचे नाव आम्हाला सांगा, एवढीच आमची मागणी आहे.

तिसरा मुद्दा कंत्राटाचा, आणि त्यावर आमच्यात अजून वाद आहे. आजकाल बस चालवणाऱ्या कंत्राटदाराला बहुतेक ठिकाणी किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात आणि तिकिटाचे उत्पन्न शहराच्या तिजोरीत जाते. यामुळे प्रवासी पळवण्यासाठी गाड्यांची शर्यत लागत नाही, हा मोठा फायदा. पण थांब्यावर दहा माणसे उभी असली काय आणि चाळीस असली काय, कंत्राटदाराच्या बिलात फरक पडत नाही. अशा वेळी प्रवाशाच्या बाजूने वही लिहिणारा नियंत्रक हा व्यवस्थेतला एकमेव डोळा उरतो. गाडीत बसवलेली यंत्रे जागा आणि वेळ अचूक नोंदवतात, यात शंका नाही. परंतु सफाईला जाणाऱ्या बाईला सातच्या आत पोचायचे आहे, ही नोंद करायला अजून माणूसच लागतो. कंत्राटात नियंत्रकांची संख्या आणि त्यांच्या सूचनांना ठरावीक मुदतीत उत्तर देण्याचे बंधन असावे, असे कलम मी सुचवले आहे. आमच्यातले माजी हिशेबनीस म्हणतात, असे कलम कोणी मान्य करणार नाही. तुझे मत कळव.

राहिला प्रश्न सत्कारमूर्तींचा. मी त्यांना घरी जाऊन भेटलो तेव्हा ते पहिल्यांदा नाहीच म्हणाले. मग त्यांनी दोन अटी घातल्या: ज्या चालकाने नवी पहिली फेरी सुरुवातीची दोन वर्षे एकदाही न चुकवता नेली त्यालाही व्यासपीठावर बसवावे, कारण पत्र लिहिणे सोपे, हिवाळ्यात पहाटे चारला उठणे अवघड; आणि शाल नको. शालीऐवजी काय द्यावे, असे विचारल्यावर थोडा वेळ विचार करून म्हणाले, त्या थांब्यावर वेळापत्रकाची एक पाटी लावा, रंग न उडणारी. पाटीचा खर्च आम्ही वर्गणीतून करू, परवानगीचा अर्ज मागच्या सोमवारी दिला आहे. तिसऱ्या अर्जापर्यंत जाण्याची तयारी ठेवली आहे.

कार्यक्रम फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला आहे. मसुदा महिनाअखेरपर्यंत मिळाला तर सुवाच्य अक्षरात लिहून घ्यायला वेळ मिळेल. तू स्वतः आलास तर फारच बरे; रेल्वे स्टेशनवरून मेट्रोने बर्डी, तिथे गाडी बदलून छत्रपती चौक, आणि तिथून पुढे मी स्कूटर घेऊन उभा असेन, कारण रविवारी त्या मार्गावर फेऱ्या कमी असतात. भाषणे तीनच ठेवली आहेत आणि प्रत्येकाला दहा मिनिटे. सत्कारमूर्तींनीच बजावले आहे, की पलीकडच्या वस्तीतून येणाऱ्यांची शेवटची गाडी आठ पाचला आहे आणि तिच्या आत सभा उठली पाहिजे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर लवकर पाठव.

तुझा,
वसंत

ता. क. मसुद्यात 'आदरणीय' हा शब्द एकदा चालेल. दोनदा आला तर मी खोडीन.