उरेब आणि पासंग

सांगली,
रविवार

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

परवा वक्तृत्व स्पर्धेचा निकाल लावून उतरताना जिन्यात तू म्हणालास, "तू बायस्ड आहेस." तेव्हा गप्प बसलो, पण शब्द रुतला. 'पक्षपाती' म्हणाला असतास तर तिथंच भांडलो असतो. बायस म्हणजे तुला नेमकं काय म्हणायचं होतं, हे मात्र कळेना.

घरी आलो तर आई मशीनवर ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावत होती. इंग्रजीत हिलाही बायसच म्हणतात. कापड उभ्या-आडव्या धाग्यांना ४५ अंशांत तिरकं कापायचं. आईनं आधी सरळ कापलेली पट्टी ओढून दाखवली. ती ताणलीच नाही. उरेब मात्र चांगली बोटभर लांबली आणि गळ्याच्या गोलाईवर एकही चुणी न पडता बसली. तिरकी कापली म्हणूनच ना! मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही तिरकाच. आणि डिप्लोमाला आपण ट्रान्झिस्टरला बायस द्यायचो, म्हणजे तो चालू होण्यापुरता विद्युतदाब, आठवतं? सिलिकॉनला ०.७ व्होल्टच्या आसपास मिळाले नाहीत तर तो जागचा हलायचा नाही.

पण तू म्हणत होतास तो बायस तागडीतला. गणपती पेठेत मामांच्या दुकानातली जुनी तागडी तू पाहिली आहेस. एका पारड्याला तारेनं खडा बांधलेला असायचा, पासंग, म्हणजे रिकाम्या पारड्यांतला फरक, काढायला. तो खडा सुटला की हळद दहा वेळा तोला, दहाही वेळा चूक तेवढीच आणि त्याच बाजूला. हात थरथरल्याची चूक सरासरीत विरून जाते, ही जात नाही. संख्याशास्त्रातला बायस तो हाच. त्याला 'पूर्वग्रह' म्हणणं मला पटत नाही, कारण पासंगाला मनात काही धरावं लागत नाही. तोलणारा प्रामाणिक असला तरी माप खोटंच पडतं.

माझ्यात तो आहे, विनायक. जतचा तो पोरगा "टँकर आला न्हाई की आय कळशी पालथी घालून ठेवती" म्हणाला आणि माझं पारडं तिथंच खाली गेलं. त्याचे उच्चार, वेळ, मी काही मोजलंच नाही. पण त्या मुलीचे 'ण' आणि 'ळ' स्वच्छ आले म्हणून तू तिची पाठ केलेली वाक्यं मोजलीस का? तुझाही खडा एकदा चाचपून बघ.

शंका आली की मामा माल आणि वजनं अदलाबदल करून पुन्हा तोलायचे आणि दोन्ही मापांची सरासरी धरायचे. दोन्ही भाषणं माझ्या मोबाइलमध्ये आहेत. पुढच्या रविवारी ये. पोराची बाजू तू मांड, मुलीची मी मांडतो. मग गुण नव्यानं लिहू, आणि निकाल फिरला तर संयोजकांकडे दोघं मिळून जाऊ.

आईनं तुझ्यासाठी भडंग बांधून ठेवलंय.

तुझा,
वसंत